कोऱ्या जागेचं शुद्धिपत्र

ज्या मुलीची गुणपत्रिका अजून तिच्या हातात आलेली नाही, तिच्या अभिनंदनाचं पत्रक छापून कुणी दारोदार वाटतं का? हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते आहे. तुमच्या घरातली मुलगी असती, तर तुम्ही वाटलं असतं का?

काकाजी, तुम्ही वाटलं होतं. पिवळा कागद, वर छपाईच्या जाड खिळ्यांत 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली, 'आपल्या तांडापेठेची पहिली डॉक्टर, कु. कुंदा शिवराम, बारावी सायन्सची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल'. उत्तीर्ण मी झाले होते, तेवढं खरं होतं. वर्तमानपत्रात माझा नंबर आला होता. डॉक्टर मात्र मला तुम्ही केलं होतं, आणि तेही नंबर यायच्या आधीच.

शोकसभेत वाटायच्या पुस्तिकेसाठी तुमच्याबद्दल लिहून दे, असं मला सांगितलं गेलं आहे. जन्म कुठला, कोणत्या लढ्यात होतात, तुरुंगात कधी गेलात, हे दुसरे लिहितील. मला ते जमणार नाही. तुमचं-माझं भांडण अर्धं राहिलं आहे आणि मी तेच पुढे चालवणार आहे. तुम्हाला आता उत्तर देता येत नाही, याचा गैरफायदा घेणार नाही. तुमच्या बाजूचंही मीच बोलेन. इतकी वर्षं ऐकून ते मला पाठ झालं आहे.

मी अक्षरं शिकले ती तुमच्या छापखान्यात. छापखाना म्हणजे तुमच्या घराची पुढची खोली. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, खिळ्यांचे खण आणि भिंतीला टेकून कागद कापत बसलेल्या काकी. समोरच आमचं घर. बाबांच्या हातमागाचा आवाज थांबला की तुमच्या मशीनचा ऐकू यायचा. शाळेत कमळातला 'क' शिकवायच्या आधी मला 'जाहीर', 'निषेध' आणि 'मागण्या' हे शब्द ओळखू येत होते. तेही उलटे, कारण खिळ्यावर अक्षर उलटं असतं. मास्तरांनी पाटीवर सरळ 'ज' काढला तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, हा चुकला. बाबांनी ही गोष्ट तुम्हाला सांगितली आणि तुम्ही ती पुढे अख्ख्या विणकर सभेला सांगितलीत.

तुम्हा पत्रकवाल्यांची एक खोड होती. मोर्चा प्रचंड यशस्वी झाल्याचं पत्रक मोर्चा निघायच्या आधीच छापून तयार असायचं. लोक पाय दुखवून घरी परत येत, तेव्हा त्यांच्या दारात त्यांचाच विजय पडलेला असे. एकदा परवानगी मिळाली नाही, मोर्चा निघालाच नाही आणि 'अलोट जनसमुदायाच्या साक्षीने' असं छापलेला गठ्ठा तसाच राहिला. त्या जनसमुदायाच्या पाठीवर मी वर्षभर गणितं सोडवली.

"काकाजी, आधीच काहून छापता?" मी एकदा विचारलं होतं.

"मशीन पायानं चालते वं. बातमी तं पाखरावानी येते. आपल्याले आधीच निघा लागते."

तुमचा दुसरा नियम या खोडीवरचा उतारा होता. पत्रकात चूक झाली तर शुद्धिपत्र छापायचं. त्याच मापाच्या कागदावर, त्याच जाडीच्या खिळ्यांत. चूक जितक्या दारांत गेली तितक्या दारांत जाऊन ती परत घ्यायची, आणि जायचं ज्याने चूक केली त्याने. दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही. सभेची जागा गोळीबार चौकाऐवजी गांधीबाग छापली गेली, तेव्हा वैशाखाच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून तुम्ही सगळी वस्ती फिरला होतात. काकी म्हणाल्या होत्या, "लोकायले मालूम हाय न सभा कुठी असते ते. दरवर्सी तिथंच असते." तुम्ही म्हणालात, "त्यायले मालूम हाय. कागदाले मालूम नाई."

मी लहानपणापासून हे बघत होते. त्यामुळे मोठे पक्ष, मोठे पुढारी, मोठी वर्तमानपत्रं कधी कुणाच्या दारात येऊन 'आम्ही चुकलो' म्हणत नाहीत, याचा मला राग यायचा. अजून येतो. तुम्ही माझ्या हातात जी पत्रकं दिलीत त्यांतला बराच मजकूर मी आज मानत नाही. हा नियम मानते.

तर माझा नंबर आला आणि गठ्ठा बाहेर पडला. सकाळी पानठेल्यावर पेपर उघडला, नंबर सापडला, आणि चहा व्हायच्या आत पिवळं पत्रक घरोघर पोचलं. गुणपत्रिका कॉलेजातून काही दिवसांनी मिळायची होती. तेवढे दिवस मी डॉक्टर होते. पानठेलेवाला मला पाहून विडीचा वास येऊ नये म्हणून हात मागे घ्यायचा. शेजारची ठमाबाई रोज सकाळी लुगडं गुडघ्यापर्यंत वर करून आमच्या ओट्यावर बसायची.

"पाय वं पोरी, इथं दाबलं का ठणकते."

"मावशी, मी अजून काही शिकले नाही."

"मंग शिक न. गुडघा कुठी पळून चालला काय?"

आईने मला त्या दिवसांत पाणीही भरू दिलं नाही. काकाजी, हसू नका. तेव्हा मलाही ते आवडत होतं.

मग गुणपत्रिका आली. फिजिक्स आणि केमिस्ट्री, दोन्हीत मी कशीबशी तरले होते. मेडिकलच्या यादीची वाट पाहायचीही गरज नव्हती. मी बर्डीवरच्या कॉलेजातून चालत घरी आले. उन्हामुळे रस्त्यावर कुणी नव्हतं आणि ते बरंच झालं. बाबा मागावर होते. त्यांनी धोटा हातातच धरून ठेवला आणि कागद वाचला. मग मला विचारलं, "पास हायेस न?"

"हो."

"मंग झालं. डी.एड. कर. मास्तरीन हो. डॉक्टरच काहून पायजे?"

तेवढ्यात तुम्ही आलात. कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार. तुम्ही गुणपत्रिका घेतली, उन्हाकडे धरून पाहिली, जणू आत दुसरा मजकूर असेल.

"पुढच्या साली पुन्हा बसव तिले," तुम्ही बाबांना म्हणालात. "फिजिक्सच तं हाय."

"आन् पुन्हा असंच झालं तं? मास्तरकीची जागा तं जाईन न हातची."

"वस्तीत मास्तर लय हायेत गा. सुई टोचनारं एक तरी हाय काय?"

"तुले काय समजते गा डॉक्टरकीतलं?"

"तुले काय समजते मास्तरकीतलं?"

तुम्ही दोघं जिवलग मित्र होतात, म्हणून तुमचं भांडण रंगत गेलं. एक जण मला शाळेत ओढत होता, दुसरा दवाखान्यात. दोघांच्या मध्ये मी उभी होते आणि दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहत नव्हतं. मागाच्या दांडीवर तुमचं पिवळं पत्रक अडकवलेलं होतं. बाबांनी ते कौतुकाने लावलं होतं. मी ते ओढून काढलं आणि तुमच्यापुढे धरलं.

मी काय म्हणाले ते मला आजही आठवतं, कारण ते माझं पहिलं भाषण होतं. मी म्हणाले, "काकाजी, तुमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक ओळ असते. 'आता जनतेनेच ठरवावे.' सरकारचं जनतेनं ठरवावं, मालकाचं जनतेनं ठरवावं. या एका पत्रकात ती ओळ काहून नाही? माझं कोणी ठरवलं? तुम्ही. मला विचारलं होतं? माझं नाव छापलं, माझं काम छापलं, फक्त मला विचारलं नाही. मालक दुसरं काय करतो?"

मालक हा शब्द तुम्हाला लागला. तुम्ही बाबांकडे पाहिलं, बाबांनी धोट्याकडे. तुम्ही चपला घालून गेलात. आई म्हणाली, "एवढं बोलाचं असते काय मोठ्या माणसाले?" बाबा म्हणाले, "बोलू दे. त्यानंच शिकवलं."

दुसऱ्या दिवशी तुमचं मशीन सकाळपासून चालू होतं. दुपारी तुम्ही बाहेर पडलात, डोक्याला दुपट्टा, हातात पिवळ्या कागदांचा गठ्ठा. तुम्ही प्रत्येक दारात थांबत होतात. शेवटी आमच्या दारात आलात, कागद आईच्या हातात दिलात आणि परत वळलात. मी तो आईच्या हातातून घेतला.

'शुद्धिपत्र. आमच्या मागील पत्रकात एक चूक झाली आहे. "पहिली डॉक्टर" या ठिकाणी "पहिली ............" असे वाचावे. कोरी जागा कु. कुंदा स्वतः भरेल, तेव्हा ती सर्वांनी आपापल्या प्रतीत भरून घ्यावी. चुकीबद्दल मुद्रक व प्रकाशक दिलगीर आहेत.'

मला किती राग आला ते तुम्हाला ठाऊक आहे. एकदा वाटली गेले होते, आता दुसऱ्यांदा. पहिल्यांदा निदान डॉक्टर म्हणून, आता टिंबं म्हणून. नापास झालेल्यांनाही एवढी जाहिरात मिळत नाही. मी तशीच रस्ता ओलांडून छापखान्यात आले. तुम्ही केरोसीनच्या बोळ्याने खिळे पुसत होता.

"हे काय छापलं?"

"चूक परत घेतली."

"टिंबं कोणी मागितली होती?"

"तूच. काल." तुम्ही वर न पाहता म्हणालात. "जनतेनं ठरवावं म्हनाली न? मंग जागा नको काय ठरवाले?"

मी तुमचीच पेन्सिल उचलली आणि टिंबांवर लिहिलं, पूर्णवेळ कार्यकर्ती. कॉलेज सोडायचं, पदव्या म्हणजे त्यांच्याच बाजारातली लेबलं, आपण त्यांना का भीक घालावी, असं बरंच काही बोलले. सगळं तुमच्याच पत्रकांतलं होतं. तुम्ही ते नीट ऐकून घेतलंत.

"हे शुद्ध नाई वं. हा राग हाय."

"राग असला तर काय बिघडलं?"

"काई नाई बिघडलं. राग बी छापाव. पन त्याले शुद्धिपत्र म्हनत नाई."

"तुम्ही नव्हतं कॉलेज सोडलं? तुम्ही तर अभिमानानं सांगता."

"सोडलं. म्हनून तं सांगून राहिलो. मी सोडलं तेव्हा मले बी वाटलं होतं का मी ठरवलं. सभेत टाळ्या वाजल्या, त्याच्यात ठरून गेलं. त्या चुकीचं शुद्धिपत्र कोन छापन?"

भिंतीशी बसलेल्या काकी मान वर न करता म्हणाल्या, "छापा न आतातरी. कागद मी कापून देईन."

आपण तिघंही हसलो. मला वाटतं, त्या हसण्यातच माझा निर्णय सुरू झाला. डॉक्टर होण्यासाठी पुन्हा बसायचं नाही हे मला ठाऊक होतं. मला ते कधी नकोच होतं, हे मात्र त्या टिंबांकडे पाहिल्यावर कळलं. जागा भरलेली असताना ते दिसत नव्हतं. मार्क मिळाले असते तर मी मुकाट्याने पत्रकाच्या मागे गेले असते आणि ठमाबाईचा गुडघा दाबत आयुष्यभर कुणावर तरी चिडत राहिले असते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "म्हंजे पत्रकानं तुले वाचवलं म्हन."

नाही, काकाजी. पत्रकाने नाही. शुद्धिपत्राने.

बी.ए.ला नाव घालायला तुम्हीच आलात माझ्याबरोबर. बाबा रुसले नव्हते, पण त्यांनी येणार नाही एवढंच सांगितलं. तुम्ही सायकल हाताने धरून चालत होता, मी शेजारून. कॉलेजच्या व्हरांड्यात दोन रांगा होत्या. सायन्सची रांग जिन्यापर्यंत गेलेली, आर्ट्सची मोकळी. माझे गुण सायन्सला चालण्यासारखे होते, हे तिथल्या कारकुनाने दोनदा सांगून पाहिलं. पलीकडच्या रांगेत आपल्या भाच्याला घेऊन आलेले एक गृहस्थ होते, पांढरी पँट, हातात पेपर. ते माझ्याकडे पाहून तुम्हाला म्हणाले, "आर्ट्सला? काही राहिलं का विषयात?"

तुम्ही डोक्याचा दुपट्टा सोडून त्याने मान पुसलीत. "राहिलं नाई जी. पास हाय पोरगी. पास हाय म्हनून तं निवडून राहिली."

मग कारकुनाच्या खिडकीशी माझा नंबर आला आणि तुम्ही मुद्दाम लांब जाऊन खांबाशी उभे राहिलात, पाठ करून. विषय मी एकटीने सांगितले. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी. बाहेर आल्यावर तुम्ही विषय विचारले नाहीत. तर्री-पोहे खाऊ घातलेत आणि तर्री तिखट आहे म्हणून डोळे पुसलेत. तुम्हाला वाईट वाटत होतं. वस्तीला डॉक्टर मिळणार नव्हता आणि तुम्हाला तो खरोखर हवा होता. तुम्ही मला मोकळं सोडलंत, पण तुमची इच्छा सोडली नाहीत. मला वाटतं, हेच अवघड असतं. नुसतं 'तुझं तू ठरव' म्हणून हात झटकणारे पुष्कळ पाहिले मी पुढे.

वस्तीने मात्र टिंबं मनावर घेतली. पानठेलेवाल्याने शुद्धिपत्र आरशाच्या बाजूला चिकटवून ठेवलं होतं. मी कॉलेजला निघाले की विचारायचा, "काय वं कुंदे, पोस्टमास्तरीन लिहू काय?" एकदा लाल पेनने 'हवालदारीन' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. ठमाबाई म्हणायची, "कोरीच राहू दे वं, कोरा कागद बरा. भरला का उत्तर द्या लागते." लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी जसे पाहुणे येतात तसे माझ्यासाठी शब्द येत होते. आणि दरवर्षी निकालाच्या दिवशी तुम्ही रस्त्यापलीकडून विचारायचात, "जागा भरली काय वं?" मी म्हणायची, "नाही." तुम्ही म्हणायचात, "बरं. शाई हाय आपल्याकडे."

ती भरायला सुरुवात कशी झाली, ते तुमच्यासमोरच घडलं, पण त्यावर आपण मोकळेपणी बोललो नाही. बी.ए.च्या मधल्या वर्षी वस्तीतल्या काही घरांना जागा खाली करण्याच्या नोटिसा आल्या. इंग्रजी, बारीक टायपात. लोक त्या घेऊन तुमच्याकडे आले, नेहमीसारखे. तुम्ही नेहमीसारखं पत्रक लिहिलंत. 'जुलमी नोटिशींचा जाहीर निषेध.' फार चांगलं उतरलं होतं ते. शेवटची दोन वाक्यं माझी होती. आपण ते वाटलं, सभा घेतली, लोक जोरात बोलले आणि घरी गेले. सगळ्यांना वाटलं, नोटिशीला उत्तर दिलं. तुम्हालाही वाटलं. मलाही. नोटिशीत उत्तर कुणाकडे, कधीपर्यंत आणि कोणत्या कागदावर द्यायचं ते लिहिलेलं होतं. ते आपण कुणीच केलं नव्हतं. निषेध दारादारांत पोचला होता, फक्त जिथून नोटीस आली त्या दारात पोचला नव्हता.

घरं पुढे वाचली, ती कुणा भल्या वकिलाने धावपळ करून मुदत वाढवून घेतली म्हणून. आपल्या पत्रकामुळे नाही. त्या दिवशी तुम्ही पुष्कळ वेळ मशीनवर नुसता पाय ठेवून बसला होतात. मी म्हणाले, मी लॉ करते.

"कोर्ट म्हंजे त्यायचा माग हाय वं," तुम्ही म्हणालात. "सूत आपलं, माग त्यायचा. कापड कोनाचं निघन?"

"म्हणूनच त्या मागावर बसायला शिकायचं आहे."

"आन् मंग पत्रक कोन लिहीन?"

"मीच लिहीन. दोन्ही करीन."

"दोन्ही करनारे पाह्यले मी. कोट घातला का हाताले शाई नको वाटते."

हेच ते आपलं अर्धं राहिलेलं भांडण. तुम्ही म्हणत राहिलात की कायदा शिकणारा माणूस हळूहळू कायद्यासारखं बोलू लागतो आणि मग त्याला वस्तीचं बोलणं असंबद्ध वाटतं. मी म्हणत राहिले की नुसती पत्रकं काढणारा माणूस स्वतःच्याच आवाजावर खूश राहतो. दोघांचंही खरं होतं. मी लॉच्या पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाले, तेव्हा तुम्ही आनंद लपवू शकला नाहीत आणि लगेच मला पुस्तकं आणायला सायकल दिलीत. सायकलच्या दांडीवर शाईचे डाग होते. मी ते पुसले नाहीत. कोट अजून घातलेला नाही, पण घालीन तेव्हा तुमचं वाक्य कॉलरला टोचत राहील, याची व्यवस्था तुम्ही करून ठेवली आहे.

आता दवाखान्यातलं. छातीच्या दुखण्याने तुम्हाला बसू दिलं नाही तेव्हा सरकारी दवाखान्यात आणलं. वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती, वेणी घातलेली, पायात साध्या चपला. ती तुमची नाडी पाहत होती आणि तुम्ही तिची चौकशी करत होता. ही तुमची न मोडणारी सवय.

"बाई, गाव कोनतं म्हना तुमचं?"

"उमरेड."

"उमरेडले कोनत्या भागात?"

तिने सांगितलं. तुम्ही उशीवरून मान वर केलीत. "तिथं तं आपले विणकर हायेत."

"हो जी. माझे बाबा विणतात. आता डोळ्यांनी दिसत नाही, तर भाऊ विणतो."

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. तुमचा चेहरा मी विसरणार नाही. ताप होता, धाप होती, आणि त्यात लहान मुलासारखं हसू.

"पाय कुंदे," तुम्ही म्हणालात, "पत्रक खरं निघालं. खाली पत्ता चुकला होता."

तिला काही कळलं नाही. मी तिला पिवळ्या पत्रकाची गोष्ट सांगितली. तीही हसली, आणि नंतर येता-जाता तुम्हाला विचारायची, "काय काकाजी, आज काय छापायचं?" तुमची ती इच्छा कुठेतरी पुरी झालेली तुम्ही पाहून गेलात. मी पुरी केली असती तर मला जितका आनंद झाला असता, त्याहून जास्त मला ती उमरेडच्या मुलीने पुरी केली याचा झाला. हे मी स्वतःची सुटका म्हणून म्हणत नाही. वस्तीला डॉक्टर हवा, हे तुमचं म्हणणं बरोबरच होतं. डॉक्टर मीच व्हावं, एवढंच चुकीचं होतं.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. आवाज खोल गेला होता.

"जागा भरली काय वं?"

माझी लॉची शेवटची परीक्षा होऊन गेली होती. निकाल लागायचा होता, अजूनही लागलेला नाही. मी म्हणाले, "निकाल लागू द्या, मग भरू. यावेळी घाई नको."

तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "निकालानंतर तं कोनीबी भरते."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हणणार होते, आधी भरण्याच्या तुमच्या सवयीनेच एवढं सगळं झालं. पण डॉक्टरीण आली, तुम्हाला बोलू नका म्हणाली, आणि ते राहून गेलं. नंतर आपण बोललो ते पाण्याबद्दल, उशीबद्दल, काकींना घरी पाठवण्याबद्दल. दुसरं काही बोलणं झालं नाही.

परवा छापखान्यात गेले. काकी कागद कापत होत्या. या पुस्तिकेचाच. मी त्यांना विचारलं, "काकी, आता काय करायचं?" त्या म्हणाल्या, "काय कराचं? त्यायनं तुले इचारलं होतं न काईतरी. ते सांगून टाक." म्हणून सांगते आहे.

तुम्ही दवाखान्यात म्हणालात ते मला उशिरा समजलं. निकाल लागल्यावर विद्यापीठ शब्द देतं, आपण तो उतरवून घेतो. आधी भरायचा म्हणजे स्वतःच्या जोखमीवर भरायचा. माझ्या बाबतीत तुमची चूक आधी भरण्याची नव्हती, दुसऱ्याची जागा भरण्याची होती. ती तुम्ही दारोदार जाऊन परत घेतलीत. म्हणून या वेळी माझी जागा मी भरते, निकालाची वाट न पाहता. तुमच्या मशीनवर, तुमच्या खिळ्यांत, तुमच्या सवयीप्रमाणे आधीच.

तांडापेठेतल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. ते पिवळं शुद्धिपत्र तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे हे मला माहीत आहे. कुणाच्या ट्रंकेत तळाशी अंथरलेलं, कुणाच्या देवघरात, पानठेल्यावर आरशाशेजारी. आज शोकसभेहून घरी गेल्यावर ते काढा. टिंबांच्या जागी 'वकील' असं लिहा. पेन्सिलीने नको, पेनाने लिहा. सोबत पहिलं पत्रक असेल तर त्यावरचा 'डॉक्टर' हा शब्द खोडू नका, राहू द्या, चूक शेजारी दिसली पाहिजे. ज्यांच्याकडे ते कागद नाहीत त्यांच्या घरात यंदा कुणाचा तरी निकाल लागणार असेलच. त्या मुलापुढे एक कोरा कागद ठेवा आणि खांबाशी पाठ करून उभे राहा.

आणि माझा निकाल वेगळा लागला, तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी प्रत्येक दारात येईन. तेव्हा मला आत बोलवा.